ड्रमवरचा ११० चा आकडा

प्रति,
संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पानावर अलीकडे टर्बो गाड्यांची ताकद वाढवण्यासंबंधी जो मजकूर आला, त्यात जाता जाता एक वाक्य होते: ट्रॅकवर जाण्याआधी टाकीत थोडे शर्यतीचे शिसेयुक्त, ११० ऑक्टेनचे पेट्रोल घालावे, इंजिन 'खुलते'. वाक्य एकच, पण गाडीची हौस असलेला वाचक नेमके तेवढेच लक्षात ठेवतो. पुण्या-मुंबईकडच्या ट्यूनिंगच्या वर्तुळात या द्रवाबद्दल आधीच भरपूर भाविकता आहे. कुणी ड्रम मागवण्याच्या खटपटीत असतो, तर कुणी फ्लाइंग क्लबातून विमानाचे पेट्रोल मिळते का ते बघतो. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, सोशिकपणा. सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की ज्वाळा प्लगपासून भिंतीकडे सरकत जाते. तिच्यापुढे उरलेले मिश्रण दाबले जाते, तापते, आणि ज्वाळा पोहोचण्याआधीच एकदम पेटले तर नॉकिंग होते. ८६ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनात हा ठोका साधारण साडेसहा हजार हर्ट्झला वाजतो. ब्लॉकला बोल्टने आवळलेला नॉक सेन्सर तेच ऐकत असतो. (हा बोल्ट बहुतेक ठिकाणी २० न्यूटन-मीटरने आवळायचा असतो, अंदाजाने करकचून आवळला किंवा खाली गंज राहिला तर सेन्सर चुकीचे ऐकतो, आणि मग दोष पेट्रोलच्या माथी मारला जातो.) जास्त ऑक्टेनचे पेट्रोल आपणहून पेटायला जास्त दाब-उष्णता मागते, एवढाच त्याचा गुण. एका किलोमागची ऊर्जा साध्या पेट्रोलमध्ये ४३ मेगाज्यूलच्या आसपास असते आणि शर्यतीच्या पेट्रोलमध्येही तिथेच घुटमळते. शिसे स्वतः काही जळून ताकद देत नाही. पेट्रोलमध्ये शिसे टेट्राइथाइल लेड या संयुगाच्या रूपात घालतात; ते ज्वलनाच्या उष्णतेत फुटते, त्यातून शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात, आणि आपोआप पेट घेण्याची जी रासायनिक साखळी असते ती हे कण मध्येच तोडतात. बस.

आता या सोशिकपणाचे इंजिनाने काय करायचे? त्याच्यापुढे तीनच वाटा आहेत. ठिणगी लवकर पाडायची, कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) वाढवायचे किंवा बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) वाढवायचा. यांतले काहीच बदलले नाही, तर ११० काय आणि १२० काय, फरक शून्य. ठिणगी लवकर पाडण्यालाही मर्यादा असते. ज्या टायमिंगला सर्वाधिक टॉर्क मिळतो त्याच्या पुढे गेलात तर ताकद उलट कमी होते, कारण वर येणाऱ्या पिस्टनलाच दाब आडवा येतो. एखादे साधे, बिनटर्बोचे, ९१ ऑक्टेनवर चालायला बनवलेले इंजिन बहुतांश वेळ या टायमिंगवर किंवा त्याच्या अगदी जवळ असते. त्यात शर्यतीचे पेट्रोल घालणे म्हणजे पोट भरलेल्या माणसापुढे दुसरे ताट वाढणे. कॉम्प्रेशनचा हिशेबही डोळ्यांसमोर ठेवावा. १० वरून १२ ला नेले तर सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे ५ टक्के वाढते, प्रत्यक्षात त्याहून कमी. तेवढ्यासाठी पिस्टन किंवा हेडचे काम करावे लागते.

टर्बो गाड्यांची गोष्ट वेगळी, आणि गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. नॉक ऐकू आला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या सिलिंडरचे टायमिंग काही अंश मागे घेतो, मग हळूहळू पुन्हा पुढे आणतो. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात, घाट चढताना, ९१ ऑक्टेनवर एखादे दोन लिटरचे टर्बो इंजिन बराच वेळ असे मागे घेतलेल्या टायमिंगवर चालते. त्यात ९५ किंवा ९७ घातले की गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते, आणि ते वाटणे खरे असते: गमावलेले टायमिंग परत मिळालेले असते. पण ईसीयू परत आणतो ते कारखान्यात लिहिलेल्या मॅपपर्यंतच (ईसीयूमधल्या टायमिंगच्या तक्त्यापर्यंतच). मॅप ९५ किंवा ९८ साठी लिहिला असेल, तर त्यावरचे ऑक्टेन वापरायला त्याच्याकडे जागाच नसते. '९१ वरून ९७ ला गेल्यावर इतका फरक पडला, मग ११० ला केवढा पडेल' हे त्रैराशिक इथे लागू पडत नाही.

शिवाय ११० हा आकडा कशाचा, हेही पाहायला हवे. आपल्याकडे पंपावर लिहिलेला आकडा रिसर्च ऑक्टेन, म्हणजे आरओएन असतो. अमेरिकेत पंपावर रिसर्च आणि मोटर या दोन चाचण्यांतल्या आकड्यांची सरासरी लिहितात, म्हणून तिथले ९३ म्हणजे आपले जवळजवळ ९८. तिकडच्या शर्यतीच्या ड्रमवरचा ११० बहुधा सरासरीचा असतो. ११६, ११७ असे आकडे दिसले तर ते अनेकदा नुसते मोटर ऑक्टेन असते. तीन वेगळ्या मापांचे आकडे एका रांगेत लावून तुलना चालते, आणि विकणाऱ्याला ते सोयीचेच असते. ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांवरचे 'पॉइंट' तर आणखी गमतीचे. त्या हिशेबात एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक दशांश. '५ पॉइंट वाढ' म्हणजे ९५ चे ९५.५. त्या बाटल्यांत मँगनीजचे किंवा लोखंडाचे संयुग असेल, तर प्लगच्या चिनीमातीवर तांबूस थर बसतो तो वेगळाच.

मिश्रणाचा हिशेब करून बघा. नामांकित अमेरिकी कंपन्यांचे ११० सरासरीचे शिसेयुक्त पेट्रोल आरओएनमध्ये ११५ च्या आसपास भरते. ते १० लिटर घेऊन ९५ च्या ३० लिटरमध्ये मिसळले, तर ढोबळ मानाने (१० × ११५ + ३० × ९५) ÷ ४० = १००. एवढा खटाटोप करून हाती आले १०० ऑक्टेन! इंडियन ऑइलने एक्सपी १०० हे बिनशिशाचे शंभर ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आणले. हिंदुस्तान पेट्रोलियमचे ९९ आणि भारत पेट्रोलियमचे ९७ हेही निवडक पंपांवर मिळतात. एक्सपी १०० साध्या पेट्रोलपेक्षा खूप महाग आहे हे मान्य, पण आयात ड्रमपुढे ते स्वस्तच.

मग शिसेयुक्त पेट्रोलचा उपयोग कुणालाच नाही का? आहे. १४-१५ कॉम्प्रेशनचे ड्रॅगचे इंजिन, कार्बोरेटर, उघडा एक्झॉस्ट, ना कॅट (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) ना लॅम्बडा सेन्सर (एक्झॉस्टमधला प्राणवायू मोजणारा), आणि काही धावांनंतर उघडायचेच असलेले इंजिन. किंवा दोन-अडीच बार बूस्टवर चालणारे, फक्त शर्यतीसाठी बांधलेले इंजिन, ज्याचा मॅप त्याच ड्रमवर बसून लिहिला आहे. पॅराफिनी पायाच्या पेट्रोलचे मोटर ऑक्टेन शिशाने स्वस्तात वाढते, हे विसाव्या शतकात सगळ्यांना कळले होते. जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांच्या चमूला डिसेंबर १९२१ मध्ये या संयुगाचा गुण सापडला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये ओहायोतल्या डेटनमध्ये ते विक्रीस आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, हा इतिहास मात्र ड्रमवर छापत नाहीत.

पण शिशाशिवाय शर्यत जिंकता येत नाही, ही समजूत खुद्द शर्यतींनीच मोडीत काढली आहे. अमेरिकेच्या नॅस्कार या मोटार शर्यतींमध्ये ५.८६ लिटरची व्ही-८ इंजिने, १२ कॉम्प्रेशन, नऊ हजारांवर आरपीएम, शेकडो मैल. २००७ मध्ये तिथे शिसे बंद करायला सुरुवात झाली, तेव्हा धाकधूक ताकदीची नव्हती, व्हॉल्व्हच्या सीट झिजतील का याची होती. सीट आणि व्हॉल्व्हचे धातू बदलले, काम भागले. २०११ पासून त्याच गाड्या १५ टक्के इथेनॉलवर धावू लागल्या. त्याच्याही आधी, १९८८ च्या फॉर्म्युला वनमध्ये १६ पैकी १५ शर्यती जिंकणाऱ्या मॅक्लारेनच्या होंडा इंजिनात दीड लिटरला अडीच बारचा दाब होता. होंडाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्याचे इंधन ८४ टक्के टोल्युइन आणि १६ टक्के एन-हेप्टेन होते. नियमाने मर्यादा १०२ आरओएनची. दीड लिटरमधून सहाशेहून अधिक अश्वशक्ती १०२ ऑक्टेनवर निघत असेल, तर आपल्या 'स्टेज वन' (नुसता मॅप बदललेल्या) गाडीला ११५ कशाला हवे, हे एकदा शांतपणे विचारायला हरकत नाही.

जाणत्या वाचकांसाठी आणखी एक मुद्दा, जो क्वचितच बोलला जातो. रिसर्च आणि मोटर ऑक्टेनमधल्या फरकाला पेट्रोलची संवेदनशीलता म्हणतात. जुन्या, गरम हवा ओढणाऱ्या, जास्त आरपीएमच्या इंजिनांना मोटर ऑक्टेन महत्त्वाचे. आजची थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारी, इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी) असलेली टर्बो इंजिने नेमकी उलट वागतात: आरओएन सारखेच असेल, तर ज्याचे मोटर ऑक्टेन कमी, म्हणजे संवेदनशीलता जास्त, ते पेट्रोल त्यांना जास्त मानवते. विमानाचे '१०० एलएल' पेट्रोल या कसोटीवर आजच्या टर्बो गाडीसाठी अगदी चुकीच्या टोकाला बसते. ते मोटर ऑक्टेनसाठी बनवलेले (किमान ९९.६), संवेदनशीलता कमी, उंचीवर वाफ धरू नये म्हणून हलके घटक कमी ठेवलेले, त्यामुळे थंड इंजिन कुरकुरत सुरू होते. आणि त्याच्या नावातल्या 'लो लेड' या शब्दांना भुलू नये. हे 'कमी' विमानांच्या जुन्या, त्याहून जास्त शिशाच्या पेट्रोलच्या तुलनेत. प्रमाण लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत असू शकते. आपल्या पंपावरच्या बीएस-६ पेट्रोलची कमाल मर्यादा ०.००५ ग्रॅम आहे. म्हणजे शंभरपटीहून जास्त.

आता नुकसान. पहिला बळी लॅम्बडा सेन्सर. त्याच्या झिर्कोनियावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो, शिसे त्यावर लेप धरते. सेन्सर एकदम मरत नाही, आळसावतो, आणि हेच वाईट. मिश्रण पातळ झाल्याची (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्याची) बातमी तो उशिरा देतो, ईसीयू चुकीची दुरुस्ती करत राहतो, आणि पूर्ण थ्रॉटलला पातळ मिश्रणावर टर्बो इंजिन चालले तर पिस्टनच्या कडा वितळायला फार वेळ लागत नाही. म्हणजे ज्या नॉकिंगपासून वाचण्यासाठी ड्रम आणला, त्याचीच सोय झाली. शर्यतीचे संघ शिसेयुक्त इंधनावर वाइडबँड (जास्त पल्ल्याचा लॅम्बडा) सेन्सर वापरतात, पण तो प्लगसारखा बदलण्याचा माल समजून.

दुसरा बळी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या पृष्ठभागावर शिसे बसले की वायूला धातू भेटतच नाही. लिटरला एक ग्रॅम शिसे असलेले ५ लिटर पेट्रोल ४० लिटरच्या टाकीत मिसळले, तरी टाकीतले प्रमाण लिटरला ०.१२५ ग्रॅम होते, म्हणजे परवानगीच्या २५ पट. 'फक्त पाच लिटर तर घातले' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे कॅट नीट काम करत नसल्याचा पी ०४२० हा कोड येतो, पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड वाढलेला दिसतो, आणि नवा मूळ कॅट कितीला पडतो हे जर्मन गाडी बाळगणाऱ्यांना सांगायला नको. ज्या गाड्यांत पेट्रोलचा कणफिल्टर (एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा) आहे तिथे आणखी पंचाईत: काजळी उष्णतेने जळून जाते, शिशाची राख जळत नाही, ती आतच साठते. यावर 'मग डीकॅट करून टाका', म्हणजे कॅटच काढून टाका, असा तोडगा सर्रास सुचवला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये तो बसत नाही, आणि डीकॅट केल्याने शिसे नाहीसे होत नाही, ते थेट मागच्या रिक्षावाल्याच्या छातीत जाते.

प्लगचे दुखणे जरा फसवे. शिशाचा थर थंड असताना वीज वाहत नाही, आयडलिंगला आणि मध्यम वेगात सगळे ठीक वाटते. लांब सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल दिला, प्लग तापला, की तो पिवळट काचेसारखा थर वाहक होतो आणि नेमका तिथेच मिसफायर सुरू. लोक कॉइल बदलतात, इंजेक्टर तपासतात. प्लग काढून चिनीमातीचा रंग कुणी बघत नाही. शिसे बाहेर वाहून जावे म्हणून या पेट्रोलमध्ये इथिलीन डायब्रोमाइड घातलेले असते. शिशाचे ब्रोमाइड होऊन ते एक्झॉस्टवाटे उडून जाते. पण त्यासाठी इंजिन खरोखर गरम असावे लागते. रविवारी दोन किलोमीटर फिरून गाडी पुन्हा झाकून ठेवली, तर ब्रोमाइड आतच राहते, ओलाव्याशी मिळून आम्लधर्मी होते आणि सायलेन्सर, व्हॉल्व्ह, तेल सगळ्यांना चावते. त्यामुळे शिसेयुक्त पेट्रोलवर तेल बदलण्याचे अंतर निम्म्याहून कमी करावे लागते. शिवाय तेलाच्या प्रयोगशाळा तपासणीत शिसे वाढलेले दिसते ते बेअरिंगचे की पेट्रोलचे, हे ओळखता येत नाही. बेअरिंग झिजल्याची एक महत्त्वाची सूचना आपण हाताने पुसून टाकतो.

ऑक्टेनने न सुटणारे प्रश्नही त्याच्या गळ्यात मारले जातात. छोट्या टर्बो इंजिनात १५००-२००० आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल दाबल्यावर जो एखादाच प्रचंड ठोका बसतो, तो बहुधा नॉकिंग नसतो. सिलिंडरच्या भिंतीवरून सुटलेला तेल-पेट्रोलचा थेंब ठिणगीआधीच पेटतो. त्यावर औषध म्हणजे योग्य तेल (एपीआय एसपी दर्जाचे, कमी कॅल्शियमचे) आणि खालच्या गिअरची सवय.

तेव्हा, आपल्या गाडीला जास्त ऑक्टेन हवे आहे का, हे ओळखायचे कसे? अंदाजाने नाही, नोंदीने. ओबीडीला (गाडीच्या तपासणी सॉकेटला) जोडता येणारे आणि प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग किती मागे घेतले ते दाखवणारे साधन घ्यावे. तेल ९० अंशांवर आल्यावर, डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंदिस्त ट्रॅकवर (मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मुळीच नाही), तिसऱ्या गिअरमध्ये २५०० ते ६५०० आरपीएमपर्यंत पूर्ण थ्रॉटलची एक ओढ घ्यावी. दोन मिनिटे गाडी निवू द्यावी, इनटेकच्या हवेचे तापमान लिहून घ्यावे, आणि असे तीनदा. चारही सिलिंडरमध्ये दुरुस्ती, म्हणजे मागे घेतलेले टायमिंग, शून्य ते एक-दीड अंशाच्या आत असेल, तर पेट्रोल पुरेसे आहे, विषय संपला. सगळीकडे चार-सहा अंश मागे जात असेल, तर टाकी जवळजवळ रिकामी करून ९७ किंवा १०० भरावे, गाडी थोडी शहरात फिरवून ईसीयूला सावरू द्यावे आणि तीच ओढ पुन्हा घ्यावी. एकाच सिलिंडरमध्ये दुरुस्ती मोठी दिसली, तर तो पेट्रोलचा प्रश्नच नव्हे. तिथला प्लग, इंजेक्टर, साचलेला कार्बन किंवा सेन्सरजवळ सैल झालेला एखादा ब्रॅकेट शोधावा.

आणि तिसऱ्या ओढीला इनटेकचे तापमान चढून दुरुस्ती वाढत जात असेल, तर पैसे इंटरकूलरवर घालावेत. आत येणारी हवा वीस अंशांनी थंड करणे हे ड्रमपेक्षा भरवशाचे, आणि ते प्रत्येक टाकीला पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. थेट फवाऱ्याच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, तिथे कार्बन जमतो. साठ-सत्तर हजार किलोमीटरनंतर अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून तो काढून घ्यावा. रिमॅप केलेल्या गाडीत एक दर्जा थंड प्लग (एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड) आणि ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप. त्यानंतर मॅप १०० ऑक्टेनवर लिहून घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा, मात्र पंपावर १०० संपले म्हणून ९१ भरण्याची वेळ आली, तर त्या मॅपवर गाडी हाणू नये. ट्यूनरकडून साध्या पेट्रोलचा दुसरा मॅप त्याच वेळी घेऊन ठेवावा.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी खरा प्रतिस्पर्धी शिसे नाही, इथेनॉल आहे, आणि ते आपल्या साखरपट्ट्यातच बनते. त्याचे आरओएन १०८-१०९, मोटर ऑक्टेन ९० च्या घरात, म्हणजे वर सांगितलेली संवेदनशीलता भरपूर. वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषते, त्यामुळे सिलिंडर आतून थंड राहतो. किंमत मोजावी लागते ती प्रमाणात. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७, २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास, ८५ टक्क्यांना ९.८. म्हणजे त्याच हवेला दीडपट इंधन. इंजेक्टर, टाकीतला पंप आणि थेट फवाऱ्याच्या गाडीत उच्चदाबाचा पंप एवढे देऊ शकला नाही, तर मिश्रण पातळ पडते आणि इंजिन जाते. २०२४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या निवडक पंपांवर 'इथेनॉल १००' मिळू लागले आहे, पण ते फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल-इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या) गाड्यांसाठी. इंधनवाहिनीत इथेनॉल मोजणारा सेन्सर, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि त्यानुसार बदलणारा मॅप नसताना कॅनने आणून टाकीत ओतणे ही वेगळ्या प्रकारची तीच चूक. शिसेयुक्त ड्रमांतही प्राणवायूयुक्त घटक असलेले प्रकार असतात, त्यांना चार ते सहा टक्के जास्त इंधन लागते. मॅप न बदलता ते भरले तर ११६ ऑक्टेनवरही गाडी पातळ चालते.

जुन्या गाड्यांचे मालक म्हणतील, आमच्या पद्मिनीला, अँबेसेडरला शिसे लागायचेच. लागायचे ते ऑक्टेनसाठी नव्हे. मऊ ओतीव लोखंडाच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर शिशाचा थर उशीसारखा काम करायचा. जून १९९४ मध्ये महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले, एप्रिल १९९५ पासून तिथे बिनशिशाचे मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. पाव शतक या गाड्या त्याशिवाय चालताहेत. सीट झिजू लागली तर व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप कमी होतो. दर तीन हजार किलोमीटरला एक्झॉस्टचे गॅप मोजून वहीत लिहावेत. सतत कमी होताना दिसले, तर हेड काढल्यावेळी टणक सीट बसवून घ्याव्यात. त्या कॉम्प्रेशनला ११० ऑक्टेनचा काहीच उपयोग नाही.

शेवटी गॅरेजमधल्या पोरांबद्दल, कारण गाडीच्या मालकापेक्षा धोका त्यांना जास्त. आपल्याकडे पार्ट पेट्रोलने धुतात, हात पेट्रोलने धुतात, आणि टाकी रिकामी करायची तर नळी तोंडाने ओढतात. टेट्राइथाइल लेड कातडीतून शरीरात शिरते; साध्या पेट्रोलला लागलेल्या सवयी इथे घातक आहेत. रक्तातल्या शिशाच्या प्रमाणाला सुरक्षित अशी पातळीच ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि ते कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंत जाते. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया. तिथेही जुलै २०२१ मध्ये ते संपले.

ज्यांनी आपले पान वाचून ते टाकीत ओतलेच आहे, त्यांच्यासाठी. गाडी सुरू केली नसेल तर इग्निशनसुद्धा चालू करू नका, कारण चावी फिरताच पंप ते पुढच्या नळीत ढकलतो. नायट्राइलचे हातमोजे घालून, हातपंपाने, मोकळ्या हवेत टाकी रिकामी करा. काढलेले पेट्रोल दुसऱ्या गाडीत, गवत काढायच्या यंत्रात किंवा गटारात नाही, तर धोकादायक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे. गाडी चालली असेल तर टाकी रिकामी करून पंपाचे नेहमीचे पेट्रोल भरा, तेल आणि फिल्टर बदला, प्लग काढून बघा. मग इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ओबीडीवर कॅटच्या मागच्या सेन्सरची रेषा पाहा. ती बऱ्यापैकी सपाट असेल तर थोडक्यात निभावले; ती पुढच्या सेन्सरच्या तालावर वर-खाली नाचत असेल, तर दोन-तीन टाक्या साधे पेट्रोल जाळून पुन्हा एकदा बघा आणि तोवर कॅटच्या किमतीची चौकशी करून ठेवा. पुढचा लॅम्बडा सेन्सर मात्र शंका येताच बदला, त्याच्या सुधारण्याची वाट पाहू नका.

आपल्या पानावर ते एक वाक्य दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपले,
इंजिन ट्यूनिंगच्या व्यवसायातले काही वाचक,
पिंपरी-चिंचवड